पाया पडायचं नाही, पण विचारणार कोण?

जय भीम दादा. मागच्या पोस्टखाली तुम्ही लिहिलंत, "बाबासाहेबांनी गुरुबाजी गाडली आणि ताई तुम्ही इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यान शिबिरात दहा दिवस तोंड बंद करून आचार्यांसमोर बसून आलात, मग धम्मदीक्षेच्या २२ प्रतिज्ञा कशाला घेतल्या?" झोंबलं हो, खोटं कशाला बोलू, दोन दिवस उत्तर टाइप करून डिलीट करत होते.

तुमची भीती खोटी नाहीये. 'गुरुजी म्हणाले' की पुढचा प्रश्नच बंद, अशी माणसं मलाही भेटलीत. तिकडे २०१७ ला सोग्याल रिनपोछे या तिबेटी बौद्ध गुरूंच्या आठ जुन्या शिष्यांनी पत्र लिहून मारहाण, लैंगिक शोषण सगळे आरोप मांडले, तेही कितीतरी वर्षं शिष्य म्हणून काढल्यावर. आणि कालाम सुत्तात, म्हणजे कालाम लोकांना केलेल्या उपदेशात, तर बुद्धच सांगतात की हा श्रमण आपला गुरू आहे म्हणून काही मानू नका.

पण बाबासाहेबांनी गुरू हा शब्दच टाकला असं कुठंय? बुद्ध, कबीर, फुले हे माझे तीन गुरू असं ते जाहीर सांगायचे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी स्वतः दीक्षा घेतली ती भिक्खू चंद्रमणी महास्थविरांकडून, आणि मग समोरच्या लाखोंना दिली ती मात्र स्वतः, एका गृहस्थाने! मला हे लय आवडतं, घेताना भिक्खूंकडून घेतली पण द्यायचा मक्ता काही त्यांच्याकडे ठेवला नाही. आणि प्रतिज्ञांचंच म्हणाल तर अकरावी अष्टांग मार्गाची आहे, त्यात सम्यक समाधी, म्हणजे ध्यानात चित्त एकाग्र करणं, येते ना दादा, ती काय नुसती वाचायची?

शिबिरात म्हणाल तर पहाटे चारला घंटा, पहिले तीन दिवस नुसता श्वास, आचार्य बोलावून विचारतात जाणवतोय का, नाही म्हटलं की परत जाऊन बसा. संध्याकाळी ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचं रेकॉर्डेड प्रवचन, ते स्वतः २०१३ लाच गेले.

खरी गोची घरी आल्यावर. सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात, मी तीन आठवडे बसले, मग डबे, मुलाची परीक्षा, मोबाइल, संपलं. आणि आमची आई, शिबिराचं तोंड न पाहिलेली, वर्षावासात आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारातल्या ग्रंथवाचनाचा एक दिवस चुकवत नाही, कारण चुकवला की शेजारच्या काकू सकाळी दारात हजर, "काल का नाही आलीस गं?" बुद्धांचा शिष्य आनंद म्हणाला होता कल्याणमित्र, म्हणजे चांगल्या वाटेवरचा सोबती, हा अर्धा धम्म, तर बुद्ध म्हणाले अर्धा नाही, अख्खा. मला आचार्य हवेत ते एवढ्यासाठीच, फ्लॅटमध्ये असल्या काकू नाहीत ना.

सध्या आठवड्यातून चारदा बसणं होतं, तेही अर्धा तास. तुम्ही एवढं हक्काने झापलंच आहे तर पुढच्या पौर्णिमेला इथेच विचारा, ताई बसताय का अजून. खरं तेच सांगेन.