इंगलशॅमच्या भिंती खरवडायला हव्या होत्या का?

नमस्कार. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील इंगलशॅमच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. पोपडे धरलेला गिलावा आणि वाकडीतिकडी बाके तशीच ठेवणे ही निव्वळ हयगय आहे, असा पहिला. आणि भिंतींवरचे नंतरचे थर काढून मध्ययुगीन चित्रे मोकळी करायला हवी होती, असा दुसरा. दुसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

या भिंतींवर तेराव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंतचे रंगकाम एकावर एक चढलेले आहे. मध्ययुगीन चित्रांवर सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेनंतर, म्हणजे इंग्लंड कॅथलिक पंथ सोडून प्रोटेस्टंट झाल्यावर, बायबलमधील वचने आली आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांवरही पुन्हा वचने रंगवली, त्यामुळे एकाच जागी चित्राचे तुकडे आणि अक्षरे परस्परांत मिसळलेली दिसतात. हे वाचायला अवघड जाते, हे आपले म्हणणे मान्य आहे. परंतु खालचे चित्र मोकळे करायचे तर वरची अक्षरे कायमची नष्ट करावी लागतील, आणि इंग्लंडच्या धार्मिक इतिहासातील सर्वांत मोठ्या उलथापालथीचा पुरावा ती अक्षरेच आहेत.

एका काळाची निवड करून बाकीचे पुसण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर झाला. ऑक्सफर्डशायरमधील बर्फर्डच्या चर्चच्या नूतनीकरणाचे काम वास्तुविशारद जी. ई. स्ट्रीट यांच्याकडे होते. कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस तरुणपणी याच स्ट्रीट यांच्या कार्यालयात उमेदवारी करत होते. १८७६ मध्ये बर्फर्डचे काम पाहून ते संतापले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी संस्था उभी केली. त्यांचा राग मला पूर्णपणे रास्त वाटतो. गिलावा खरवडून उघडे पाडलेले ओबडधोबड दगड आपल्याला आज ‘अस्सल मध्ययुगीन’ वाटतात. प्रत्यक्षात मध्ययुगीन गवंड्यांनी अशा भिंती आतून चुन्याने लिंपून रंगवण्यासाठीच बांधल्या होत्या.

इंगलशॅमला १८८८-८९ मध्ये मॉरिस यांच्या पुढाकाराने वास्तुविशारद जे. टी. मिकलथ्वेट यांनी दुरुस्ती केली, पण जुन्या खिडक्या-कमानींना नवे गॉथिक (टोकदार कमानींच्या मध्ययुगीन शैलीचे) रूप दिले नाही. इतरत्र सर्रास फेकून दिलेली उंच, दारांची लाकडी बाके इथे टिकली ती त्यामुळेच. इथले मेरी आणि बाल येशूचे सॅक्सन (१०६६ च्या नॉर्मन विजयापूर्वीच्या काळातील) शिल्प एके काळी बाहेरच्या भिंतीत होते आणि त्यावर सूर्यघड्याळाच्या रेघा कोरलेल्या आहेत. मूळ शिल्प शुद्ध करायचे म्हणून त्या रेघा घासून टाकाव्यात, असे आपणही म्हणणार नाही. मग भिंतीवरच्या अक्षरांना वेगळा न्याय का?

गिलाव्याविषयीची आपली चिंता मात्र योग्य आहे. ओल आली की चुना सुटतो आणि त्याबरोबर रंगही जातो. त्यासाठी छप्पर, पन्हळी आणि पायाजवळचा निचरा नीट राखावा लागतो आणि सुटलेला भाग चुन्यानेच पुन्हा धरून ठेवावा लागतो. सिमेंट लावले तर ओल भिंतीतच कोंडते आणि शेजारचा शाबूत गिलावाही निखळतो.