अमावस्येला भयकथाच का? एका कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट काल रात्रीच वाचली पण लगेच उत्तर दिलं नाही, कारण तुमचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. तुम्ही म्हणताय की आषाढ अमावस्या ते सर्वपित्री असा भयकथा वाचायचा सीझन ठरवून मी अमावस्या म्हणजे भुताखेतांची हेच लोकांच्या डोक्यात घट्ट बसवतोय, आणि तेही अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या गोविंद पानसरेंच्या कोल्हापुरात राहून. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या ती 16 फेब्रुवारी 2015 ची सकाळ मी विसरलेलो नाही, म्हणून तुमचं बोलणं लागलं.

आधी हा सीझन आला कुठनं ते सांगतो. आमच्या कपाटात पुस्तकं दोन रांगांत कोंबलेली, मागची रांग वर्षभर दिसतच नाही. जुलै लागला की कपाटामागच्या भिंतीला ओल धरते, मग सगळं बाहेर काढायचं, पुसायचं, पंख्याखाली पसरायचं, पोटमाळ्यावरच्या खोक्यांचं पण तेच. यंदा मागनं मराठीत भयकथा लिहिणारे नारायण धारप निघाले, गूढकथावाले रत्नाकर मतकरी निघाले, इंग्रजी भयकथा निघाल्या, 19 पुस्तकं आणि त्यातली 11 न वाचलेली. नवीन एकही घ्यायचं नाही, हीच वाचायची एवढंच ठरवलं.

आता अमावस्या. आमची आजी अमावस्येला तिन्हीसांजेनंतर दाराबाहेर सोडायची नाही, पिंपळावर मुंजा आहे म्हणायची आणि तिला ते खरंच वाटायचं, त्यामुळं मलाही खरं वाटायचं. आठवीत लायब्ररीतनं धारपांचं पहिलं पुस्तक आणलं आणि नेमकी अमावस्या होती, लाईट गेलेली, मेणबत्तीवर वाचलं, जाम घाबरलो, आणि सकाळी उठून त्याच पिंपळाखालनं शाळेला गेलो, काहीही झालं नाही. मला कुणी भाषण देऊन ती भीती घालवली नाही दादा, ती त्या रात्री गेली. म्हणून अमावस्या निवडली. आणि आषाढातली अवस तर आमच्यात दिव्यांची अवस, आई समया घासून पाटावर मांडते, कणकेचे गोड दिवे करते, त्या दिवसाला अशुभ म्हणायचं माझ्या मनातही येत नाही.

पण एका ठिकाणी तुमचं बरोबर आहे आणि ते मी मान्य करतो. धारपांच्या समर्थकथा मी यादीत सगळ्यात वर ठेवल्या होत्या, भाच्यासाठी म्हणून, तो चौदा वर्षांचा आहे. त्या गोष्टींत संकट आलं की विशेष शक्ती असलेला एक माणूस येतो आणि सोडवतो. मला त्या फार आवडतात, अजूनही, पण ज्या वयात भोंदूबाबा आणि गोष्टीतला समर्थ यातला फरक पक्का झालेला नसतो त्या वयात सुरुवात तिथनं नको, हे तुमची कमेंट वाचल्यावर कळलं. म्हणून आता आधी मतकरी. त्यांच्या कितीतरी गूढकथांत भीती माणसाच्या मनातनंच वर येते, आणि ती वाचून कुणाला अंगारा आणायची बुद्धी होत नाही.

धारप म्हणजे उसनवारी असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. त्यांच्या ‘लुचाई’ कादंबरीचा सांगाडा स्टीफन किंगच्या 1975 च्या कादंबरीचा आहे हे मलाही माहीत आहे, पण इंग्रजी न येणाऱ्या आमच्यासारख्या पोरांना हा सगळा प्रकार पहिल्यांदा मराठीत धारपांनीच दिला, ते ऋण मी सोडणार नाही.

वेळापत्रक कशाला, आनंदानं वाचा की, हा तुमचा शेवटचा मुद्दा. भीती सलग वाचली की बोथट होते, दोन जाड कादंबऱ्या पाठोपाठ घेतल्या तर दुसरीला काही वाटतच नाही, म्हणून मध्ये एका रात्रीला एकच कथा असं अंतर ठेवलंय. आणि यादीतली ‘ड्रॅक्युला’ ही इंग्रजी कादंबरी तर 1897 ची, सगळी डायऱ्या, पत्रं, कात्रणं यांतनं सांगितलेली आणि त्यांवर तारखा घातलेली. त्यात वादळात किनाऱ्याला लागलेल्या जहाजाचं कात्रण आहे, तारीख 8 ऑगस्ट, जहाजाचा कप्तान सुकाणूला बांधलेल्या अवस्थेत मेलेला. ते पान 8 ऑगस्टलाच वाचायचं, बाहेर आपला पाऊस आणि पंचगंगेच्या पाण्याची रोजची काळजी चालू असताना. उन्हाळ्यात उघडलं तर ते पान तसं लागत नाही.

बदललेली यादी आज रात्री टाकतो. सर्वपित्रीच्या आदली रात्र मोकळी ठेवलीय, घाबरवणारी पण बुवाबाजीला अजिबात थारा न देणारी एखादी मराठी कथा तुम्ही सुचवा, त्या रात्री तीच वाचीन.