बंद केल्यावर मासेमारीचा रॉड किती लांब, एवढं लिहायला काय जातंय?

सात फूट, सात फूट, सात फूट! दीड महिना झाला, हाच आकडा ऐकतोय. खोक्यावर सात फूट, जाहिरातीत सात फूट, दुकानदाराला फोन लावला की तोही सात फूट. अरे बाबा, उघडल्यावर रॉड किती लांब होतो ते माझ्या डोळ्याला दिसतंय. तो सुटा करून बांधला की किती उरतो, ते सांग. विमानात मी तो उघडून धरणार आहे का?

आणि वर त्याला नाव काय, तर 'ट्रॅव्हल रॉड'. मार्चमध्ये मागवलेला असलाच एक ट्रॅव्हल रॉड घरी आला तेव्हा खोकंच दारातून आडवं आत येईना. दोन तुकड्यांचा रॉड, टेपनं मोजला तर एक तुकडा १०९ सेंटीमीटर. यात ट्रॅव्हल काय आहे? मोटारीच्या टपावर बांधून राधानगरीला न्यायचा असेल तर ठीक. परत पाठवतो म्हटलं तर सील फोडलंय म्हणून घेत नाहीत. सील फोडल्याशिवाय मोजायचा कसा, हे मात्र कुणी सांगत नाही.

मी आणि दाजी एप्रिलमध्ये हिमाचलला तीर्थन खोऱ्यात ट्राऊट मासे धरायला गेलो होतो. कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून मुंबई, मुंबईहून दिल्ली, पुढं रात्रभर बसनं औटपर्यंत आणि तिथून बंजारकडं. एवढ्या लांबच्या वाटेवर १०९ सेंटीमीटरची काठी न्यायची म्हणून प्लंबरकडून पीव्हीसी पाईप कापून आणला, दोन्ही तोंडांना टोपणं बसवली, आत जुनी चादर कोंबली. काउंटरवर त्यांनी पाईपला एक चिठ्ठी लावली आणि माझी सही घेतली. वस्तू नाजूक आहे, मोडली तर जबाबदारी कंपनीची नाही. दिल्लीला पट्ट्यावर पाईप आला तेव्हा एका बाजूचं टोपण गायब होतं. आत हात घातला आणि बोटालाच कळलं. टिपचा शेवटचा वीतभर भाग मोडून लोंबत होता, कार्बनची कुसळं सुटलेली, टोकाच्या गाईडमधली, म्हणजे ज्यातून लाईन ओवतात त्या नथीतली, चिनी मातीची कडी निखळून पाईपच्या तळाशी पडलेली. तक्रार केली, तर त्यांनी माझीच सही मला दाखवली.

तीर्थन खोरं कुल्लू जिल्ह्यातलं. कुल्लूच्या नद्यांत ट्राऊट आली ती १९०९ साली, काश्मीरहून अंडी आणून. पाणी बर्फाचं, काचेसारखं स्वच्छ, आणि मासा एवढा सावध की आपली सावली पडली तरी दगडाखाली जातो. तिथं पाच-सहा ग्रॅमचा स्पिनर, म्हणजे पाण्यात फिरणारं धातूचं आमिष, हलक्या हातानं टाकावा लागतो आणि त्यासाठी टिप शाबूत पाहिजे. तीन दिवस मी दाजींचा रॉड पाळीपाळीनं वापरला. दाजी कधीच काही बोलले नाहीत, पण त्यांचेही तीन दिवस अर्धे झाले. रोजचा परवाना दोघांनी काढलेला आणि रॉड एक. याचा राग मला अजून आहे.

परत आल्यावर जो भेटेल तो एकच सांगतो. "टेलिस्कोपिक घे की भावा, पिशवीत मावतोय." तेही केलं. बंद केल्यावर ४५ सेंटीमीटर, ऐकायला झकास. पण सात फुटांचा रॉड एवढ्या छोट्या नळीत कोंबायचा म्हणजे सहा-सात नळ्या एकात एक घालाव्या लागतात. प्रत्येक जोडाशी रॉड ताठ, त्यामुळं तो सलग कमानीसारखा वाकतच नाही, ठिकठिकाणी गुडघा मोडल्यासारखा वाकतो. गाईड बहुतेक नळ्यांच्या टोकालाच बसतात, म्हणून मध्ये लाईन रॉडला घासत जाते. नळ्या पातळ आणि टोकाची तर बांगडीच्या काचेइतकी नाजूक. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याखाली दोन संध्याकाळ वापरून पाहिला. चांगली तळहाताएवढी चिलापी लागली आणि रील फिरवताना तिसरी नळी सर्रकन आत गेली. बाहेर ओढून पिळून घट्ट केली, तर घरी आल्यावर बंदच होईना. आत वाळूचा एक कण अडकलेला. गरम पाणी, खोबरेल तेल, फडक्यात धरून पिळणं, सगळं झालं. बायकोनं एक टोक धरलं, मी दुसरं ओढलं. सुटली ती नळी तडकूनच.

ज्यांना टेलिस्कोपिक चालतो त्यांनी खुशाल वापरावा. पण विचारलं काय जातंय आणि उत्तर काय मिळतंय, हे जरा बघा तरी. मासेमारीची एवढी वर्षं असलेली माणसंही डोळे झाकून तेच सांगतात, कारण विमानातून रॉड घेऊन कुणी गेलेलंच नसतं.

आता हिशोब बघा, पाचवीतल्या पोराला जमेल. सात फूट म्हणजे २१३ सेंटीमीटर. चार तुकड्यांचा रॉड असेल तर प्रत्येक जोडाला तीन-चार सेंटीमीटर तुकडा दुसऱ्यात शिरतो, म्हणजे एक तुकडा साधारण ५६ चा. बहुतेक विमान कंपन्या हातातल्या बॅगेला ५५ सेंटीमीटर लांबी, ३५ रुंदी, २५ जाडी आणि ७ किलो देतात. ते ५५ मोजतात चाकं आणि दांडीसकट. माझी बॅग आतून मोजली, तर ४८ भरली. म्हणजे चार तुकड्यांचा रॉड सरळ बसतच नाही, तिरका घातला तर कसाबसा बसतो आणि मग बाकीचे कपडे त्याच्याभोवती कोंबायचे. पाच तुकडे केले की ४६. सरळ बसतो. एक तुकडा जास्त घातला की सगळा प्रश्न सुटतो, पण हे खोक्यावर कुठंच छापलेलं नसतं! चार तुकडे की पाच, हेही कधी लिहिलेलं असतं, कधी फोटोत मोजायचं.

आणि बॅगेत मावला म्हणजे सुटलो असंही नाही. गळ आणि ल्युअर, म्हणजे खोटी आमिषं, तर चेक-इनलाच टाकायचे, ते बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नुसता रॉड? जाताना एका विमानतळावर तपासणीवाल्यांनी दाजींचा रॉड हातात घेऊन बघितला आणि "जाऊ द्या" म्हणाले. येताना दुसरीकडं तोच रॉड, तीच बॅग, "ये नहीं जाएगा." का, ते सांगेनात. आमच्या मागं लांब रांग, विमानाला पाऊण तास, दाजी काउंटरकडं धावत परत गेले. तिथं त्यांनी ती हातातली मऊ बॅग तशीच खाली सामानात टाकली. म्हणून रॉड असा पाहिजे की तो हातातल्या बॅगेतही सरळ मावेल आणि ऐनवेळी नाही म्हटलं तर मोठ्या सुटकेसमध्ये स्वेटरच्या घडीत गुंडाळून बिनघोर टाकता येईल. त्यासाठी एकच आकडा लागतो आणि नेमका तोच लपवतात.

माझे आबा पंचगंगेवर वेळूची काठी घेऊन बसायचे. घाटावर गांडूळ, कणकेचा गोळा, संपलं. काठी मोडली तर दुसरी तोडायची. तेव्हा आकडे लागत नव्हते हे मान्य. पण आता हजारांत पैसे मोजून घ्यायची वस्तू आहे, तिच्यावर आकडे छापताच ना तुम्ही? ल्युअरचं वजन छापता, लाईनचं बळ छापता, कार्बन किती टक्के ते छापता, जे कुणी तपासू शकत नाही. टेपपट्टीनं दहा सेकंदात मोजता येणारी गोष्ट तेवढी छापायची नाही.

१ नोव्हेंबरला हिमाचलातला ट्राऊटचा हंगाम बंद होतो, तो थेट मार्चमध्ये उघडतो. ऑक्टोबरची तिकिटं काढून झालीत. पावसाचं गढूळ पाणी तेव्हा निवळलेलं असतं, तेच दिवस चांगले. काल रात्री एका दुकानाला परत मेसेज टाकला, तुकडे किती आणि एक तुकडा किती सेंटीमीटर, एवढंच विचारलं. सकाळी उत्तर आलं, "सात फूट आहे सर, विमानात आरामात बसेल." मी टेपपट्टी जमिनीवर ठेवून तिच्याशेजारी रॉड ठेवून फोटो पाठवा म्हणालो. दुपारपासून मेसेज वाचलेला दिसतोय, उत्तर नाही.