‘जनऔषधीची गोळी म्हणजे खडू’: त्या मेसेजमधल्या एकेका वाक्याला उत्तर

एकच मेसेज मला सोसायटी, माहेर आणि शाळेच्या मैत्रिणी अशा तीन ग्रुपांतून आला. मजकूर थोडक्यात असा: ‘अँटिबायोटिक महाग पडतं? जनऔषधीच्या नादी लागू नका, ती गोळी म्हणजे खडू. कंपनीचीच घ्या. परवडत नसेल तर ताप उतरेपर्यंत घ्या, उरलेल्या पुढच्या वेळेला ठेवा. मुलांना मोठ्यांची अर्धी गोळी चालते. सरकारी दवाखान्यात काही मिळत नाही.’ जनऔषधी म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतली स्वस्त औषधांची दुकानं. मी औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. चिठ्ठीवर दहा गोळ्या लिहिलेल्या असताना ‘ताई, चारच द्या’ म्हणणारी माणसं मला रोज भेटतात. म्हणून हे लिहिते आहे.

आधी तो खडू. ‘कंपनीची’ गोळी म्हणजे काय? प्रत्येक गोळी कुठल्या ना कुठल्या कंपनीतच तयार होते. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम या अँटिबायोटिक्सची पेटंट केव्हाच संपली, त्यामुळे तुम्ही ज्याला ब्रँड म्हणता तेही बहुतेक वेळा जेनेरिकच असतं, म्हणजे पेटंट संपल्यावर कुठलीही कंपनी बनवू शकते असं औषध. वर नाव असतं, आणि त्या नावाच्या प्रचाराचा खर्च तुमच्या बिलात येतो. जनऔषधी योजना 2008 पासून आहे. तिथला माल डब्ल्यूएचओ-जीएमपी (जागतिक आरोग्य संघटनेचे चांगल्या उत्पादनाचे निकष) प्रमाणपत्र असलेल्या कारखान्यांकडून घेतात आणि प्रत्येक बॅच एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात पाठवतात. किंमत ब्रँडपेक्षा साधारण 50 ते 90 टक्के कमी.

लोकांच्या मनातली भीती मात्र हवेतून आलेली नाही. नागपूर जिल्ह्यात सरकारी रुग्णालयाला पुरवलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गोळ्या बनावट निघाल्या आणि 2024 मध्ये ते प्रकरण राज्यभर गाजलं. संताप यावा असंच ते होतं. पण तो माल पुरवठादारांच्या साखळीतून घुसला होता, जनऔषधी दुकानातून नव्हे. त्याच वर्षी केंद्रीय औषध नियंत्रकांच्या तपासणीत एका नामांकित, महागड्या ब्रँडच्या नावाखाली विकलेलं अँटिबायोटिकही बनावट ठरलं. नकली माल करणारा खपणाऱ्या नावाचीच नक्कल करतो. त्यामुळे औषध स्वस्त घ्या की महाग, बिल मागा आणि त्यावरचा बॅच नंबर पाकिटावरच्या नंबराशी जुळवून पाहा.

‘कंपनीचीच घ्या’ या सल्ल्यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट सुटते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचं नाव लिहिलं असेल तर तेच औषध दुसऱ्या नावाचं देण्याची मुभा औषध नियमांनी आम्हाला दिलेली नाही. काउंटरवर ‘यातलंच स्वस्त द्या’ म्हणून तुम्ही हात जोडलेत तरी माझे हात बांधलेले असतात. म्हणून हे बोलणं डॉक्टरांच्या खोलीतच करा. ‘डॉक्टर, ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून द्याल का? याच गुणाचं स्वस्त काही चालेल का? किती दिवस पुरे?’ हे विचारण्यात काहीही कमीपणा नाही. आवश्यक औषधांच्या 2022 च्या राष्ट्रीय यादीतल्या औषधांना सरकारने कमाल किंमत ठरवून दिली आहे. नेहमीची बरीच अँटिबायोटिक्स त्यात आहेत. पण ती वरची मर्यादा झाली. तिच्याखाली एकाच औषधाच्या दोन नावांत बराच फरक असू शकतो.

‘ताप उतरेपर्यंत घ्या’ हे मात्र थेट घातक आहे. टायफॉइडमध्ये ताप उतरल्यावर औषध सोडलं की तो उलटून येऊ शकतो, आणि मग खर्च दुप्पट. काही आजारांत पाच दिवसही पुरतात हे खरं, पण ते डॉक्टर ठरवणार, तुमच्या पाकिटातले पैसे नव्हेत. हातात पैसे कमी असतील तर आज दोन दिवसांच्या गोळ्या न्या, चिठ्ठी जपून ठेवा आणि त्या संपायच्या आत उरलेल्या घेऊन जा. एकही डोस चुकू देऊ नका. तसंच अझिथ्रोमायसिन तीन दिवसांचं असेल तर पाचांच्या पट्टीतल्या तीनच मागा. पट्टी कापून मिळते.

उरलेल्या गोळ्या ‘पुढच्या वेळेला’ ठेवायच्या, तर पुढच्या वेळचा आजार तोच असेल कशावरून? सर्दी-खोकला बहुधा विषाणूचा असतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोग शून्य.

अर्ध्या गोळीचं वाचून मी हादरले. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्युलॅनिक ॲसिड या जोड-अँटिबायोटिकची 625 ची गोळी म्हणजे 500 मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन अधिक 125 मिलिग्रॅम क्लॅव्युलॅनिक ॲसिड. अर्धी केली की 250 अधिक 62.5. मुलांच्या 228.5 च्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला 200 अधिक फक्त 28.5 असतं. म्हणजे अर्ध्या गोळीतून बाळाच्या पोटात पाच मिलिलिटर सिरपच्या दुपटीहून जास्त क्लॅव्युलॅनिक ॲसिड जातं आणि जुलाब सुरू होऊ शकतात. आधीच तापलेल्या लेकराला जुलाब! मुलांचा डोस वजनावर ठरतो. सिरपही मूळ नावाने लिहून घ्या आणि जनऔषधीत विचारा.

राहिला सरकारी दवाखाना. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपर, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. कधी साठा संपलेला असतो, आणि तशा वेळी रिकाम्या हाताने परतणाऱ्या बाईची चिडचिड मला समजते. पण तिथल्या डॉक्टरांनी तपासलेलं असतं, तेही फुकट. औषध नसेल तर चिठ्ठीवर मूळ नाव लिहून घ्या आणि ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर जवळचं दुकान आणि भाव पाहून मग निघा.