‘डिस्क बदलणं म्हणजे बल्ब बदलणं’ म्हणे!

जळगाव-धुळ्याकडच्या व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सर्व्हरमधली डिस्क गेली तर इंजिनिअर कशाला? मशीन चालू असतानाच जुनी ओढा, तेवढ्याच टीबीची नवी खुपसा. रेड असेल तर बॅकअपचीही गरज नाही. उन्हाळ्यात झाकण काढून समोर कूलर ठेवा.’ (रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून, एखादी गेली तरी डेटा टिकवणारी मांडणी.) पंधरा वर्षं हेच काम करतोय, म्हणून लिहितो.

बऱ्याच सर्व्हरमध्ये चालू मशीनमधून डिस्क काढता येते, हे खरंच. जोडीनं बसवलेले पॉवर सप्लाय आणि बऱ्याच मशीनचे पंखेही तसेच बदलतात. रॅमला मात्र वीज बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. पण खरी गोम ‘कोणती ओढा’ यात आहे. धुळ्याच्या एका पतसंस्थेत स्क्रीनवर ‘डिस्क ३ फेल’ आलं. तिथल्या पोरानं डावीकडून एक-दोन-तीन मोजलं आणि मला फोन केला, “भाऊ, तिसरी काढी लिधी.” डिस्कच्या खणांचे आकडे शून्यापासून होते! म्हणजे निघाली ती २ नंबरची, धडधाकट. रेड-५ एकच डिस्क गेलेली सोसतं; दुसरी निघाली की सगळं ठप्प. तीच डिस्क परत बसवून, इनिशिअलाइझ न करता (म्हणजे पुसून नव्यानं न मांडता), डिस्कवर नोंदलेली जुनी मांडणी इम्पोर्ट केली तेव्हा खाती दिसली. सॉफ्टवेअरमधून त्या खणाचा दिवा लुकलुकवायचा, सिरियल नंबर जुळवायचा, मग खटका दाबून डिस्क बोटभर पुढे घ्यायची आणि अर्धा मिनिट थांबायचं. आतली तबकडी मिनिटाला ७२०० फेरे घेत असते, ती थांबू द्यायची.

‘तेवढ्याच टीबीची’ हेही अर्धवट. सॅस आणि साटा या डिस्क जोडायच्या दोन वेगळ्या पद्धती; सॅस डिस्क साध्या साटा खणात बसतच नाही. नवी डिस्क काही सेक्टरनं (साठवणीच्या बारीक कप्प्यांनी) जरी कमी भरली, तरी रेड सांभाळणारा कंट्रोलर तिला नाकारू शकतो. एसएमआर जातीची (डेटाचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणारी) स्वस्त डिस्क घेतली तर रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं, रखडतं. मुळात ८ टीबीची डिस्क सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं अखंड लिहिली तरी पंधराएक तास जातात, आणि तेवढा वेळ उरलेल्या जुन्या डिस्क न थांबता राबत असतात.

बॅकअपचं दोन ओळींत: कारकुनानं फाइल उडवली की रेड ती सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे उडवतं. रेड बॅकअप नव्हे.

झाकणाचं मात्र ऐकवत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे झाकण काढायचा मोह होतो, कळतं. पण सर्व्हरचे पंखे समोरून, डिस्कच्या फटींतून हवा ओढून मागे फेकतात. झाकण काढलं की हवा वरून सोपी वाट धरते आणि डिस्क आणखी तापतात. रिकाम्या खणातलं प्लॅस्टिकचं डमीही याचसाठी असतं, ते फेकू नका. त्यात कूलरची दमट हवा थेट सर्किटवर! बोदवडकडच्या एका जिनिंगच्या ऑफिसात समोरच्या जाळीवर रुईची अशी गादी बसली होती की बोटानं गुंडाळून काढली. कूलर नाही, साधा ब्रश लागला. तो फिरवल्यावर पंख्यांची घरघर खाली आली.

त्या पतसंस्थेतल्या पोरानं आता प्रत्येक खणाखाली सिरियल नंबरची चिठ्ठी चिकटवलीय. पहिल्या चिठ्ठीवर लाल पेनानं ठळक शून्य.