त्या सुट्टीत तास भरवू नका

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या स्टाफ मीटिंगमध्ये एक प्रस्ताव आला. वादळामुळे किंवा पावसामुळे शाळा बंद ठेवायची वेळ आली, तर त्या दिवशी वेळापत्रकाप्रमाणे ऑनलाइन तास घ्यायचे. प्रत्येकाने आपलं मत लेखी द्यायचं आहे. माझं मत 'नको' असं आहे. पण नुसतं 'नको' लिहून भागणार नाही, कारणं द्यावी लागतील. ती आधी मराठीत लिहिली तर मलाच नीट कळतील, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

मी ऑगस्ट २०१८ पासून हाँगकाँगमध्ये गणित शिकवते. इथे आले आणि महिन्याभरात मांगखुट वादळ आलं. १६ सप्टेंबर २०१८, रविवार. दहा नंबरचा बावटा, म्हणजे त्याच्या वर काहीच नाही. मी पंचविसाव्या मजल्यावर एकटी. खिडक्या शीळ घालत होत्या, आणि बाथरूममध्ये गेले तर कमोडमधलं पाणी या काठाकडून त्या काठाकडे हेलकावत होतं. इमारत डोलतेय हे मला त्या पाण्यावरून कळलं. पुढचे दोन दिवस शाळा बंद होत्या. पण ती सुट्टी मला सुट्टी वाटलीच नाही, भीती ओसरण्यातच गेली.

इथले नियम थोडक्यात सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यांच्यावर उभं आहे. वादळाचे इशारे १, ३, ८, ९, १० असे असतात. तीनवरून एकदम आठ का, हा प्रश्न मलाही पडला होता. पूर्वी ५ ते ८ हे आकडे वारा कोणत्या दिशेचा ते सांगायचे. १९७३ मध्ये ते चारही 'आठ' या एकाच आकड्याखाली आणले. लोक अजून 'आठ नंबर टांगला' असंच म्हणतात, जरी आता प्रत्यक्षात कुठे काही टांगत नाहीत. तीन नंबर लागला की बालवाड्या बंद, आठ लागला की सगळ्या शाळा बंद. पावसाचे इशारे वेगळे: पिवळा, लाल, काळा. तासाला सत्तर मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे काळा. यात कुणाला विनवण्या कराव्या लागत नाहीत, मुख्याध्यापकांच्या मर्जीचा प्रश्न नसतो, रजेचा अर्ज नसतो. आकडा लागला की शहर थांबतं.

आता एका शुक्रवारबद्दल. ८ सप्टेंबर २०२३. त्याच्या आदल्या शुक्रवारी, १ तारखेला, शाळेचं नवं वर्ष सुरू व्हायचं होतं, ते साओला वादळामुळे सोमवारवर गेलं. त्या वादळाची खबर आधीपासून होती. पाणी भरून ठेवलं, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या, दुकानातला पाव संपला होता तरी रांगेत उभी राहिले. आठवड्यानंतरच्या पावसाची मात्र मला काहीच कल्पना नव्हती. गुरुवारी रात्री अकरानंतर काळा इशारा लागला. अकरा ते बारा या एका तासात वेधशाळेत १५८.१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. १८८४ पासूनच्या नोंदींमध्ये तासाभरात एवढा पाऊस कधी झाला नव्हता. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी फॉर्म वनच्या, म्हणजे आपल्याकडच्या सातवीच्या, धन आणि ऋण संख्यांच्या वर्कशीट पिशवीत भरून, शुक्रवारचे कपडे इस्त्री करून झोपले होते.

पहाटे गजराआधी फोन थरथरला. शाळेचा मेसेज, दोन ओळी. आज शाळा नाही.

ते वाचल्यावर छातीत जे झालं ते मला नेमकं सांगता येत नाही. मोठ्या सुट्टीच्या आधी असं होत नाही. मोठी सुट्टी महिनाभर आधीच खर्च झालेली असते. परदेशात नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत आहे. चिनी नववर्षाची सुट्टी म्हणजे तिकिटं, बॅगा, कुणाकडे जेवायला जायचं राहिलं त्याचा हिशेब. उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे वर्षभर साठलेली घरची कामं. रविवारही आपला नसतो. आठवड्याचे कपडे धुवायचे आणि अडीच तासांचं अंतर सांभाळून एकेकाला फोन करायचे. यातलं काहीही मला नकोसं नाही, माणसं माझीच आहेत. पण त्या प्रत्येक दिवसावर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. त्या शुक्रवारी मला सुट्टी आहे हे घरी कुणाला माहीतच नव्हतं. तो दिवस मी कुणालाच देणं लागत नव्हते.

मी परत झोपले. उठले तेव्हा नऊ वाजून गेले होते. खालच्या मजल्यावरच्या एसीवरच्या पत्र्यावर पाऊस आपटत होता, कधी ताशासारखा, कधी नुसता टपटप. चहा घेऊन खिडकीशी बसले. समोरच्या डोंगरावर पांढऱ्या रेघा दिसत होत्या. आधी वाटलं धुकं आहे, मग त्या हलताना दिसल्या. धबधबे. जिथे एरवी फक्त झाडी दिसते तिथे पाच धबधबे. मी पाच वर्षं त्या डोंगरासमोर राहत होते आणि सकाळी दहाला तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं, कारण सकाळी दहाला मी कधी घरी नसायचेच.

दुपारी कचरा टाकायला बाहेर आले तर शेजारच्या आजीबाई, इथे आम्ही त्यांना पो-पो म्हणतो, दार उघडं टाकून पॅसेजमध्ये स्टुलावर बसलेल्या. एरवी आमची लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरती ओळख. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म साय फान गुंग!" आज कामावर जायला नको! माझं कँटोनीज तोडकंमोडकं, पण एवढं कळलं. मीही तेच म्हटलं. त्या आत गेल्या आणि दुसरं स्टूल घेऊन आल्या. आम्ही अर्धा तास बसलो. त्या बोलत होत्या ते निम्मं मला कळलं नाही आणि त्यांना त्याची फिकीर नव्हती. त्या दिवसानंतर त्या मला नावाने हाक मारतात.

एक गोष्ट न लिहिता पुढे जाणं बरोबर नाही. त्याच दिवशी वाँग ताय सिनचं मेट्रो स्टेशन पाण्याखाली गेलं होतं, छाय वानला मॉलमध्ये पाणी शिरलं होतं, शंभरावर लोक जखमी झाले, माणसं दगावली. हे मी संध्याकाळी पाहिलं आणि सकाळच्या आनंदाची थोडी लाज वाटली. नंतर विचार केला तेव्हा वाटलं, त्या नियमामुळेच आमची मुलं सकाळी रस्त्यावर नव्हती. शाळा बंद असण्याचं पहिलं कारण तेच आहे, आणि माझी सुट्टी त्या कारणाच्या आधाराने आलेली आहे. पण म्हणून ती खरी नव्हती असं नाही.

आता प्रस्तावाकडे येते. मीटिंगमध्ये एका सहकाऱ्याने मुद्दा मांडला की सप्टेंबर २०२४ पासून हाँगकाँगचा शेअर बाजारही वादळात सुरू असतो, मग आपणच का थांबायचं? पूर्वी आठ नंबर लागला की बाजार बंद व्हायचा, हे खरं. पण बाजाराचे व्यवहार आधीच पडद्यावर होत होते. बारा वर्षांचं मूल पडद्यावर शिकत नाही, हे आम्ही २०२० मध्ये डोळ्यांनी पाहिलंय. माझी एक विद्यार्थिनी बंक बेडच्या वरच्या पलंगावर, छताला डोकं लागेल अशी बसून, मांडीवर लॅपटॉप घेऊन समीकरणं सोडवायची. खालच्या पलंगावर धाकटा भाऊ त्याच्या तासाला. घरात टेबल एकच, त्यावर आईचं ऑफिस. मी "कॅमेरा सुरू कर" म्हणायचे आणि ती करायची नाही. का, ते मला फार उशिरा कळलं. तेव्हा दुसरा मार्ग नव्हता म्हणून आम्ही ते केलं. एका दिवसासाठी, आणि तेही बाहेर वारा खिडक्या हादरवत असताना, मुलांना पुन्हा तिथे बसवायचं?

आणि ते मूल त्या दिवशी काय करतं हे मी विचारलंय. त्या शुक्रवारनंतरच्या सोमवारी माझ्या फॉर्म वनच्या वर्गाला मी विचारलं. बरीच मुलं झोपली होती, गेम खेळली होती. एक मुलगा, जो पहिल्या आठवड्यात माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, उभा राहून म्हणाला, "मिस, बाबा घरी होते. आम्ही पंखा उघडला." त्याचे बाबा बांधकामावर आहेत, मुलगा शाळेत जायच्या आधी घर सोडतात. त्या दिवशी काम बंद होतं. दोघांनी जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टेबलफॅन सुटा केला, जाळी धुतली, तेल घातलं, पुन्हा जोडला. एक स्क्रू उरला. तो त्याने कंपासपेटीत ठेवला होता, काढून मला दाखवला. पहिल्या तासाला माझ्या धन-ऋण संख्या झाल्या असत्या तर तो पंखा उघडला गेला नसता, आणि मला तो मुलगा कळायला डिसेंबर उजाडला असता.

फॉर्म सिक्सची, म्हणजे शाळेच्या शेवटच्या वर्गाची, अडचण मी नाकारत नाही. त्यांच्यापुढे डीएसईची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा असते, बुडालेला दिवस त्यांना महाग पडतो. पण बुडालेले तास आपण आजवर भरून काढत आलोय. वादळानंतरच्या शनिवारी मी स्वतः अर्धा दिवस यायला तयार आहे, आणि ते लिहून देणार आहे. सुट्टीत राखलेली शक्ती त्या शनिवारी उपयोगी पडते हे मी अनुभवाने सांगते.

उद्या हे सगळं इंग्रजीत, पानभरात बसवायचं आहे. शेवटी दोनच मागण्या ठेवल्या आहेत. फॉर्म सिक्ससाठी शनिवारचे जादा तास. बाकी वर्गांना, इशारा उतरेपर्यंत, शाळा बंद असल्याच्या मेसेजशिवाय दुसरा एकही मेसेज नाही.