कांद्यावरची काळी पूड आणि डोळ्यामागची बुरशी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, मे २०२१च्या सुमारास, व्हॉट्सॲपवर एक संदेश घरोघर फिरला. कांद्याच्या सालीवरचा आणि फ्रिजच्या दाराच्या रबरावरचा काळा थर हीच ‘काळी बुरशी’ असून ती खाण्यातून डोळ्यांपर्यंत पोहोचते, एकाची दुसऱ्याला लागते आणि तुरटी, हळद, सैंधव व मोहरीच्या तेलाने बरी होते, असा त्याचा आशय होता. त्यावर विश्वास ठेवणारी माणसे आजही भेटतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहू.

कांदा सोलताना वरच्या पापुद्र्यांवर काजळीसारखी पूड दिसते. ती अंगठ्याला लागते आणि नळाखाली धरली की धुऊन जाते. ही बहुधा ॲस्परजिलस नायजर असते. ‘काळी बुरशी’ म्हणून ओळखला जाणारा म्युकरमायकोसिस हा आजार म्युकोरेल्स या निराळ्याच गटातील बुरशींमुळे होतो आणि भारतात त्यांपैकी रायझोपस सर्वाधिक आढळते. ‘काळी’ हे नावही फसवे आहे, कारण ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून रक्तप्रवाह बंद पाडते आणि काळा पडतो तो त्यामुळे मेलेला ऊतक.

डोळ्यांपर्यंतची वाट ताटातून नव्हे, नाकातून जाते. हवेतले बीजाणू आपण सगळेच रोज श्वासाबरोबर आत घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मात्र साखर बेसुमार वाढलेली असेल आणि स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दबलेली असेल, तर ते सायनसमध्ये, म्हणजे नाकालगतच्या हाडांतील पोकळ्यांमध्ये, रुजतात. सायनस आणि डोळ्याची खोबण यांच्यामधले हाड कागदाइतके पातळ असल्याने पुढचा प्रवास अवघड राहत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनवरील कोरोना रुग्णांचे प्राण वाचतात, हे ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ नावाच्या औषधचाचणीने २०२०मध्ये दाखवले होते, पण तिथली मात्रा रोज ६ मिलिग्रॅम आणि मुदत जास्तीत जास्त १० दिवस होती. आपल्याकडे ऑक्सिजन न लागणाऱ्यांनीही हे औषध घेतले, तेही साखर न मोजता. खरे बोट ठेवायचे ते इथे, बिचाऱ्या कांद्यावर नव्हे.

हा आजार माणसाकडून माणसाला लागत नाही.

घरगुती उपायांचा धोका असा की त्यात वेळ जातो. अँफोटेरिसिन-बी हे औषध आणि मेलेला ऊतक काढून टाकणारी शस्त्रक्रिया यांना उशीर झाला, तर जीव वाचवण्यासाठी डोळाच काढावा लागू शकतो.

या भीतीपोटी डोळा जरा लाल झाला तरी लोक धास्तावत. वास्तविक कोरोनाच्या विषाणूमुळेही डोळे लाल होऊ शकतात, मात्र क्वचित. चीनमधील १,०९९ रुग्णांच्या सुरुवातीच्या पाहणीत तसे ९ जण आढळले होते आणि अशी लाली सहसा आपोआप ओसरते. याउलट एकाच बाजूचा चेहरा दुखणे किंवा बधिर होणे, नाकातून काळपट स्राव येणे, पापणी पडणे, एकाचे दोन दिसणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे आणि आपण मधुमेही आहोत की नाही, स्टेरॉइड किती दिवस घेतले, हे डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगावे.